नोंद न केलेला स्वेटर

मे महिन्यात नागपुरात माणसं सावली शोधत फिरतात. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर-खोलीत कुडकुडत बसले होते. एसी यंत्रांसाठी होता, माझ्यासाठी नव्हे. ऐंशीचं दशक सरत आलेलं, कॉलेजला सुट्टी, आणि अख्ख्या इमारतीत चौकीदार सोडला तर मी एकटी. त्या गारठ्यात रोज बाबांचा तपकिरी स्वेटर आठवायचा. बाबा आदल्याच हिवाळ्यात वारले होते. खापरखेड्याहून आईचं कार्ड आलं होतं: यांचे कपडे काढून टाकते आहे, तुझ्यासाठी काय ठेवू? उद्या लिहू म्हणून मी ते कीबोर्डखाली सरकवलं.

माझा प्रोग्राम अर्धा सी भाषेत होता, अर्धा स्कीम नावाच्या दुसऱ्या भाषेत. स्कीममध्ये एक सोय असते. जी वस्तू कुणीच धरून ठेवलेली नाही, ती तिथला सफाईवाला, म्हणजे भाषेतच बसवलेला एक प्रोग्राम, आपणहून उचलतो आणि मेमरीतली जागा मोकळी करतो. सीमध्ये सगळं आपलं आपण सांभाळायचं. स्कीमनं बनवलेली यादी मी सीमध्ये घ्यायचे आणि मधेच ती गायब व्हायची, तिच्या जागी भलतंच काही उमटायचं. कधी तासभर नीट, कधी पहिल्याच मिनिटाला आडवं. तीन आठवडे मी सफाईवाल्याला शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो बिचारा फक्त स्कीमच्या घरात बघत होता. यादी सीनं हातात धरली आहे, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. वस्तू घेताना त्याच्याकडे नोंद करायची, काम झालं की खोडायची, एवढंच.

तशी नोंद केली आणि प्रोग्राम दिवसभर न अडखळता चालला. एवढा आनंद, आणि सांगायला कुणी नाही. शेवटी चौकीदाराला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता खोली बंद करू नं, मॅडम?"

रविवारी बस धरून आईकडे गेले. ओट्यावर स्टीलचं नवंकोरं पातेलं होतं. मी कपाट उघडलं.

"आई, बाबाचा स्वेटर कुठी आहे वं?"

"भांडेवालीले देऊन टाकला, हे पातेलं घेतलं त्याच्यावर. तुले कार्ड टाकलं होतं नं. तू काहीच बोलली नाही वं. मले वाटलं, कोणालेच नाही पाहिजे."

तीन आठवडे मी तो रोज मनातल्या मनात अंगावर घालत होते. आईला ते कुठून दिसणार? मला रडू आवरेना. तिला काय करावं सुचेना. तिनं त्याच पातेल्यात माझ्यासाठी भात टाकला.