एसटीडी बूथमधली वांगी

बडोद्यातल्या आम्हा मराठी माणसांच्या घरांत बाजाराचा एक रिवाज होता. घासाघीस गुजरातीत करायची आणि भाजीवालीची निंदा मराठीत, तीही तिच्या तोंडावर. पाणीगेटच्या बाजारात पादरा गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या मासीसमोर आईने वर्षानुवर्षं हेच केलं. एकदा वांगी निवडता निवडता ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हिची जीभ बघ, कारल्याहून कडू!"

मासीने तराजू खाली ठेवला. "आणि तुमची काय बाई, श्रीखंडात बुडवलीय?" स्वच्छ मराठीत!

आईने कितीतरी दिवस पाणीगेटचं नाव काढलं नाही. मी मात्र घरी येताच त्याचीच कथा लिहायला बसले. माझी पहिलीच कथा. ती पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडे धाडली आणि ठरल्या दिवशी संपादकांना फोन करायला प्रतापनगरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. नव्वदच्या दशकातले दिवस, बूथबाहेर ही रांग, आणि दार तर लागतच नव्हतं.

"कथा झकास आहे," संपादक म्हणाले. "फक्त मासीची ती गुजराती वाक्यं मराठीत करा. वाचकाला कळायला नको?"

"अहो, पण सगळंच मराठीत केलं तर मासी शेवटी मराठी बोलते त्याची गंमत काय राहिली?"

"मग राहू द्या. अंक आज छपाईला जातोय. तुमच्या जागी दुसरी कथा घेतो."

माझी कथा, माझी पहिली कथा! मी ओढणी कमरेला खोचली आणि फोनवर नाटकच सुरू केलं. बूथवाल्या काकांचं पेपरवेट वांग्यासारखं कुरवाळत मी आई झाले, मग लगेच वांगी कुरवाळू नका म्हणून खेकसणारी मासी: "बेन, लेवुं होय तो ल्यो, रींगणांने पंपाळो नहीं!"

"जोरथी!" काका ओरडले. "पादरानी बाई छे!"

मी आवाज चढवला. रांग दारात गोळा झाली. कारलं आलं, श्रीखंड आलं, आणि बाहेर हास्याचा असा स्फोट झाला की काकांची खुर्ची उलटली. फोनमध्येही कुणीतरी ठसका लागेपर्यंत हसत होतं.

"तिकडे कोण आहे एवढं?" संपादकांनी कसंबसं विचारलं.

"वाचक."

"बरं, पण ते रींगणांचं मला काही कळलं नाही हं."

"तरी हसलात ना?"

ते पुन्हा हसू लागले. मग, "छापतो. आहे तशीच."

त्यानंतर मी माझ्या मराठीतून बाजाराला कधी हाकललं नाही.

अंक आला. आईने कथा उभ्या उभ्या वाचली आणि भाजीची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. "अख्ख्या महाराष्ट्रात माझी जीभ पोचवलीस ना? आता मासीकडे तूच जा!"