शेगडीच्या फटी

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निमूट मान हलवली. पण दम्याच्या माणसानं धुराजवळ बसायचं नाही असं बजावल्यावर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

आमचं शेत खुलताबादच्या पलीकडं, उंचावर आहे. दिवाळी उलटली की तिथला वारा घोंगडीला जुमानत नाही. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरचे दोन म्हातारे आमच्या अंगणात यायचे, दादा कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायचे आणि तिघांच्या गप्पा रंगायच्या. आई गेल्यापासून दादा घरात कुणाशी धड बोलत नव्हते. जे काय बोलायचे ते त्या जाळासमोर. आता शेकोटी शेजाऱ्यांच्या अंगणात गेली आणि दादा भिंतीकडं तोंड करून पडू लागले. मला थंडीची नव्हे, त्या गप्प पाठीची भीती वाटायची.

मी शहरात राहतो, शनिवारी शेतावर जातो. कुठलीही वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणते, मला पाणी मागितलं तर मी आधी नळ खोलून बघेन. धूर बाहेर आणि ऊब आत, असं काही जगात असतं का, हे शोधता शोधता मला थंड मुलखातल्या लोखंडी शेगड्या सापडल्या. बंद पेटीत लाकडं जळतात आणि धूर नळीतून छपराबाहेर जातो.

त्यांच्या दोन जाती निघाल्या. एक साधी, एकेरी पत्र्याची. तिचं तापलेलं लोखंड उन्हासारखं समोरच्याला थेट शेकतं, आणि मध्ये कुणी येऊन उभं राहिलं की सावलीत गेल्यासारखी ऊब तुटते. दुसरीला बाहेरून आणखी एक पत्रा असतो. दोन्ही पत्र्यांमध्ये पोकळी, खाली फटी, वर फटी. खालून गार हवा शिरते, तापून वरून निघते आणि खोलीभर फिरते. बाहेरचा पत्रा मात्र फारसा तापत नाही. मला ही दुसरी पटली. सगळी खोली सारखी गरम होईल, दादांचा हात भाजायची भीती नाही. शिवाय खरं सांगायचं तर ती मला जास्त हुशार वाटली.

शहागंजच्या एका गल्लीत कूलर बनवणारा एक ओळखीचा कारागीर आहे. त्यानं माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "भाई, ये भट्टी है की अलमारी?" पण बनवली झकास. पुढच्या शनिवारी ती जीपमध्ये घातली, बायको-मुलीला घेऊन शेतावर गेलो, पत्र्याच्या छपराला भोक पाडून नळी बाहेर काढली आणि बाभळीची लाकडं पेटवली.

धुराचा वासही आत आला नाही. मग मी उदबत्ती पेटवून खोलीभर फिरू लागलो. वरच्या फटींपाशी उदबत्तीचा धूर सरळ छताकडं धावायचा, छताखालून पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचा आणि उदबत्ती खालच्या फटींपाशी नेली की आत ओढला जायचा. हवा खरंच फेऱ्या मारत होती. मी लहान पोरासारखा हरखलो. दादा खाटेवरून बघत होते. "देव कुठं बसवलाय?" एवढंच म्हणाले.

खोली गरम झाली, अगदी कोपऱ्यापर्यंत. आणि तिथंच घोळ झाला. सगळीकडं सारखीच ऊब, त्यामुळं जो तो आपापल्या जागी. बायको आतल्या दाराशी वाटाणे सोलत बसली, मुलगी खिडकीत मोबाईल घेऊन. शेजारचे दोघं म्हातारे नवलाई बघायला आले, भिंतीला पाठ लावून दहाव्याला आल्यासारखे बसले, चहा पिऊन उठले. मी दादांना विचारलं, बरं वाटतंय का.

"ऊब हाय," ते म्हणाले. "पण बसायचं कुठं?"

मी म्हणालो, कुठंही बसा, तोच तर या शेगडीचा फायदा आहे. ते पुन्हा भिंतीकडं वळले. परतीच्या वाटेवर मी बायकोशी उगाच भांडलो. एवढी खटपट करून म्हातारा होता तिथंच राहिला, याचं मला फार वाईट वाटत होतं.

त्यानंतरच्या शनिवारी गेलो तर अंगणातूनच हसण्याचा आवाज आला. आत पाहतो तो शेगडी ओळखू येईना. वरपासून खालपर्यंत काळ्या मातीनं लिंपलेली, चूल लिंपतात तशी. माझ्या साऱ्या फटी बुजलेल्या. लिंपणावर तीन बोटांचे ओढलेले पट्टे, आई चुलीवर ओढायची तसेच, फक्त वाकडे. तिघं म्हातारे पोती अंथरून शेगडीसमोर अर्ध्या गोलात बसले होते, तळवे पुढं करून. आणि दादा बोलत होते.

माझा पारा चढला. मी फटी कुणी बुजवल्या म्हणून विचारलं.

"मीच," दादा म्हणाले. "धूर यायला फटी ठेवल्या व्हत्या त्या कूलरवाल्यानं. डॉक्टर नको म्हणलाय ना धूर? मंग लिंपून टाकल्या."

त्या धुराच्या नव्हेत, हवेच्या आहेत, असं मी सांगायला लागलो आणि बोलता बोलता लिंपणाला हात लावला. चटकन मागे घेतला. हवा कोंडली होती, त्यामुळं बाहेरचा पत्राही तापला होता, माती तापली होती, आणि माझी हुशार शेगडी आता साधी होऊन समोरच्याला थेट शेकत होती. मी एका म्हाताऱ्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, पाय गारठले. पुढं सरकलो, छाती शेकली. ऊब हवी तर समोर बसायलाच हवं होतं. आता बसायची जागा झाली होती.

फटी कोरायला मी उचललेला स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. तापल्या पत्र्यापासून दादांची खाट जरा लांब सरकवली, शेगडीवर वाळत टाकलेलं धोतर काढलं आणि पोत्याच्या कडेला बसलो.

अंधार पडला तसे म्हातारे उठून गेले. लिंपणाला भेगा पडल्या होत्या, मधूनच एखादी खपली गळून पडायची. दादांनी ती उचलून बोटांत चुरली. रोज लिंपतो, रोज तडकतं, म्हणाले. मी म्हणालो, काळी माती तडकणारच, तुम्हाला काय सांगायचं.

"तुझ्या मायची चूल कधी तडकली नाय," ते म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी माझ्यासमोर तिचं नाव काढलं नव्हतं. "पांढरी माती आणायची ती. टोपलं डोक्यावर घेऊन यायची. या शिवारातलं ढेकूळ न् ढेकूळ वळखतो मी. पण ती माती कुठून आणायची, ते कधी इचारलंच नाय तिला."

मलाही ठाऊक नव्हतं. सगळं खोलून बघणाऱ्या मला, ज्या चुलीची भाकर खाल्ली तिची माती कुठली, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

सकाळी दादांनी मफलर गुंडाळला आणि रिकामं टोपलं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं बांधाबांधानं माती बघत निघालो.