खोका नको, पंप उघडा

त्या चॅनेलवरचा मुलगा प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी म्हणायचा, "पुढे कुठलं गॅजेट बघायला आवडेल ते कमेंटमध्ये नक्की सांगा." बघणारे बहुतेक जण हे वाक्य यायच्या आत दुसरीकडे जात असतील. माझे बाबा थांबायचे. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"एवढं इचारून राह्यला तो. सांगाया नको का आपण?"

तेव्हा मी अकरावीत होते. कुंभार पिंपळगावच्या स्टँडजवळ बाबांचं पत्र्याचं छोटं दुकान आहे. मिक्सर, पंखे, इस्त्री, टॉर्च, फवारणीचे पंप, जे बंद पडेल ते लोक त्यांच्याकडे आणतात. घरात मोबाईल एकच होता, माझ्या अभ्यासासाठी घेतलेला. संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास तो बाबांचा. त्या अर्ध्या तासात ते फक्त नव्या वस्तूंचे खोके उघडणारं हे एकच चॅनेल बघायचे.

तो मुलगा छोट्या चाकूने चिकटपट्टी कापायचा, हळूच झाकण उचलायचा, वस्तूवरचा पातळ प्लास्टिकचा कागद ओढायचा. मला तेच आवडायचं. बाबा मात्र अस्वस्थ व्हायचे.

"बरं, बरं. आता उलटं कर. उलटं कर की रे!"

तो कधीच उलटं करायचा नाही. बाबांना वस्तूचं बूड बघायचं असायचं. बुडाला स्क्रू आहेत की नुसतंच चिकटवून टाकलंय, एवढं कळलं की त्यांना ती वस्तू कळायची. ते म्हणायचे, "स्क्रूवाली वस्तू घेणाऱ्याची. चिटकवलेली वस्तू कंपनीचीच ऱ्हाती, आपण नुसती वापरायची."

आई चुलीपुढून टोमणा मारायची, "लोकायचे खोके बघा बसून. घरातला मिक्सर कवाचा उघडून पडलाय, त्याला कोण बघावं?"

"त्याचा कपलर आणायचाय जालन्याहून."

"दिवाळीपासून आणून राह्यले."

बाबांनी पहिली सूचना मला एका बाजाराच्या दिवशी सांगितली. माझ्या नववीच्या वहीत काही पानं कोरी होती. आधी कच्चं वहीत लिहायचं आणि मग मोबाईलवर, असं त्यांनी ठरवलं होतं. अनोळखी माणसाला लिहायचं म्हणजे अर्जच, हे आम्हा दोघांनाही इतकं स्वाभाविक वाटलं की दुसरं काही सुचलंच नाही. मी तोवर शाळेत अर्जच लिहायला शिकले होते, आणि बाबांनी आयुष्यात दुसरं काही लिहून दिलं नव्हतं.

"आधी इषय लिही माय. इषय नसला तं साहेब वाचतच न्हाई."

ते पान अजून माझ्याकडे आहे. "प्रति, मा. चॅनेलवाले साहेब. विषय : बॅटरीवरचा फवारणी पंप उघडून दाखविणेबाबत. महोदय, वरील विषयी सविनय सादर की, आपण खोका उघडता ते चांगले आहे. परंतु खोका गिऱ्हाईकसुद्धा उघडतो. आपण खोका नको, पंप उघडावा. बुडाचे चार स्क्रू काढून आतली बॅटरी व मोटर दाखवावी. बॅटरी बाजारात साधी मिळते ती आहे, की कंपनीचीच लागते, हे सांगावे. पोच मिळावी ही नम्र विनंती."

मी ते जसंच्या तसं टाकलं. बाबा म्हणाले, "गेलं?" मी म्हणाले, "गेलं." ते उठून हात धुवायला गेले आणि आईनं ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी त्या कमेंटखाली उत्तरं आली होती. चॅनेलवाल्याचं नव्हतं, लोकांची होती. "काका, तहसीलला द्या हा अर्ज." "सोबत आधार कार्डची झेरॉक्स जोडा." "तिकीट लावलं नाही, अर्ज नामंजूर." प्रत्येकाखाली हसणारे चेहरे. वर माझं नाव आणि कॉलेजच्या गणवेशातला माझा फोटो. दुपारी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "ते पंपाचं तू लिहिलंस का गं?" मी म्हणाले, "नाही, कुणीतरी दुसरी असेल." मग बाथरूममध्ये जाऊन मी ती कमेंट काढून टाकली.

पुढच्या बाजारी बाबांनी विचारलं, "आलं का उत्तर?"

"नाही अजून."

"कामात असंल. एवढे लोक लिहीत असतील त्याला."

आणि त्यांनी पुढची सूचना सांगितली. मी वहीत लिहिली, मोबाईलवर टाईप केली, बाबांना लांबून दाखवली आणि त्यांची नजर वळताच पुसून टाकली. "गेलं," मी म्हणाले. बाबा हात धुवायला गेले.

हे जवळजवळ वर्षभर चाललं. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी चांगल्या होत्या. बाबा भिंतीला टेकून बसायचे, त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास यायचा. दिवसभरात जी वस्तू दुकानात येऊन त्यांना छळून गेली असेल तिच्यावर सूचना निघायची. डास मारायची रॅकेट : चार्जिंगची पिन आत दुमडते, तिथं कंपनी काय करते ते दाखवा. डोक्याला बांधायची टॉर्च : पाण्यात टाकून बघा, मग उघडा, आत किती पाणी गेलं ते बघा. केस कापायची मशीन : पातं बदललं तर बसतं का? मोबाईलवरून चालू होणारा मोटरचा स्टार्टर : वीज गेली-आली तर तो आठवण ठेवतो का? इतके नेमके प्रश्न मला नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेतही फारसे ऐकायला मिळाले नाहीत.

आईसुद्धा मध्ये पडायची. "माझं बी लिहा. भाकरी करायची मशीन उघडाय लावा त्याला."

"तिच्यात काय न्हाई. नुसती कॉइल हाय."

"आत काय न्हाई तं भाकर व्हती कशी?"

"तेच तं. व्हत न्हाई."

मी हसत हसत लिहायचे, आणि पुसायचे.

मी बारावीत असतानाच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली मावशी दुकानात आली. सख्खी मावशी नव्हे, पण आम्ही लहानपणापासून तिला मावशीच म्हणतो. तिची दोन एकर कपाशी आहे आणि फवारणी ती स्वतःच करते. तिचा जुना पंप बाबांनी तीनदा दुरुस्त केला होता. आता त्याची बॅटरी धरत नव्हती, आणि भरलेला पंप पाठीवर घेतला की तिची कंबर लागायची. बाजारात एक जण नवा, हलका पंप विकायला घेऊन बसला होता.

"जयभीम, भाऊ. त्यो हलका पंप घेऊ का? तुम्ही म्हणाल तसं करते."

मी दुकानातच स्टुलावर बसून अभ्यास करत होते. बाबा म्हणाले, "थोडं थांब बाई. हलका हाय म्हंजे आत बॅटरी येगळी असंल. माझ्या पोरीनं लिहून कळवलंय त्या मोबाईलवाल्याला. त्यो उघडून दाखवंल. बघू अन् मंग घे."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "हिनं लिव्हलंय? मंग थांबते."

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

मावशी थांबली. शेजारच्या शेतकऱ्याचा पंप ती मागून आणायची. त्याची फवारणी झाल्यावर तिला मिळायचा, म्हणजे नेमका भर उन्हात, नाहीतर वारा सुटल्यावर. कधी मिळायचाच नाही. कपाशीवर तुडतुड्यांची कीड वाढत होती. चार-आठ दिवसांनी ती दारावरून जाताना हाक मारायची, "आला का गं तुझा व्हिडिओ?"

"नाही मावशी."

"येईल, येईल. पानं लाल व्हऊन राह्यली, जल्दी कर म्हणावं त्याला."

"तुझा व्हिडिओ" असं ती म्हणायची. तिसऱ्यांदा तिनं विचारलं त्या दिवशी तिच्या हातात कपाशीचं एक पान होतं, कडेनं वळलेलं आणि लालसर. ती ते बाबांना दाखवायला नेत होती. मी तिच्या मागोमाग दुकानापर्यंत गेले. ती बोलून निघून जाईपर्यंत बाहेर उभी राहिले आणि मग आत शिरले.

बाबा पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसले होते. काढलेले स्क्रू ते नेहमी एका फुटक्या बशीत ठेवतात.

"बाबा, ते लिहिलेलं मी पाठवलंच नाही."

"कोणतं?"

"एकदा पाठवलं होतं, पहिलं. लोक हसले. मी काढून टाकलं. त्यानंतरचं काहीच गेलं नाही."

"काहीच?"

"काहीच."

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. ते बशीतले स्क्रू बोटानं फिरवत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काय म्हणून हसले?"

मी सांगितलं. तहसील, झेरॉक्स, तिकीट.

"तिकीट लावलं न्हाई म्हणला?" बाबांच्या मिशीखाली किंचित काहीतरी हललं. पण ते लगेच गेलं. "हसू दे की. हसल्यानं आपलं काय जातं? तिकडं ती बाई वावरात ताटकळून राह्यली, तिचं जातंय."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "माझी बी चूक हाय. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी लागती. म्या घेतली न्हाई. काढ मोबाईल."

त्या दिवशी त्यांनी विषय लिहू दिला नाही, महोदयही नाही. "सरळ लिही," म्हणाले. त्या हलक्या पंपाचं नाव आणि पुढे : "याच्या बुडाचे चार स्क्रू काढले तर आत कोणती बॅटरी निघते? कुणी उघडला असेल तर सांगा. एक बाई थांबली आहे." त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर वाचलं, आणि माझं बोट बटणावर पडून कमेंट वर दिसेपर्यंत मोबाईल धरून ठेवला.

"आता मावशीला तू सांगायचं. मी न्हाई सांगणार."

मावशी अंगणात शेंगा निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे मी इतके दिस कोणाची वाट पाहून राह्यले?"

मी सुपातून सांडलेल्या शेंगा गोळा करायला खाली वाकले.

"तुला चार लोक हसले म्हणून माझी कपाशी लाल झाली, असंच ना?" मग सूप परत ओढून घेत म्हणाली, "आता तरी लिव्हलंस का बराबर?"

"हो. बाबांनी बघितलं."

"मंग जा. उत्तर आलं की सांगाय ये. तूच ये."

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. चॅनेलवाल्याचं नाही. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यातल्या एका दुरुस्तीवाल्याचं होतं : "भाऊ, मी उघडलाय. मोटर साधीच आहे, कुठंही मिळते. बॅटरी बंद पॅकमध्ये आहे. गेली तर पूर्ण पॅक बदलावा लागतो, तालुक्याला मिळत नाही. स्क्रू मात्र चांगले आहेत." त्याखाली आणखी दोघा-तिघांनी आपापल्या दुकानातलं लिहिलं होतं. कुणी हसलं नव्हतं. बाबांनी ते तीनदा वाचलं. त्यांच्यासारखं काम करणारी माणसंही तो खोके उघडण्याचा कार्यक्रम बघत बसतात आणि त्यांनाही वस्तूचं बूड बघायचं असतं, याचा त्यांना फार आनंद झाला. "स्क्रू चांगले हाईत म्हणतो," असं ते आईला दोनदा सांगून आले.

मी मावशीकडे गेले आणि सगळं वाचून दाखवलं. 

"पॅक किती दिस चालतो म्हणे?"

"दोन-तीन हंगाम, असं एकानं लिहिलंय."

"मंग घेते. पाठ माझी हाय. पॅक जाईल तवा जाईल."

बाबांना वाटलं होतं ती घेणार नाही. पण ते म्हणाले, "घे. आता माहीत असून घेऊन राह्यलीस, मंग बिलकुल हरकत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी गार वेळेत मावशी स्वतःचा पंप पाठीला लावून वावरात गेली. त्या वर्षी तिची पहिली वेचणी कमी निघाली. त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा किती होता हे मला आजही सांगता येत नाही. मावशीनं तो विषय पुन्हा काढला नाही. सणाला डबा मात्र पूर्वीसारखाच पाठवला.

आता मी जालन्याला हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकायला आलेली मी पहिलीच. इथं कुणाशी बोलताना अजूनही आधी मनात कच्चं लिहिते. तो मुलगा अजून खोके उघडतो, आता बहुतेक मोबाईलचेच, आणि अजून काहीच उलटं करत नाही. बाबा बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून फोन करतात आणि सूचना सांगतात. मागच्या वेळची हातात धरायच्या छोट्या पंख्याची होती. मी माझ्याच नावानं, माझ्याच फोटोखाली टाकते.

पण आता बाबा "गेलं?" असं विचारत नाहीत. "पोच दाखव," म्हणतात. मी स्क्रीनचा फोटो काढून पाठवते, ते चष्मा शोधतात, वाचतात आणि मग म्हणतात, "हां, दिसलं." ते बरोबर आहे, त्यात मला काही वाईट वाटून घ्यायचा हक्क नाही. तरी फोन ठेवल्यावर कधी कधी ती पहिलीच संध्याकाळ आठवते. मी नुसतं "गेलं" म्हणाले होते, आणि तेवढ्यावर ते उठून हात धुवायला गेले होते.