न खाणाऱ्याच्या कोंबड्या

“आमी खात नाई, पाह्यतो फक्त.”

कोणी काही विचारायच्या आतच महाराज हे सांगून मोकळे होत. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं आणि तळहातावर कबुतराएवढा कोंबडा. असा भिक्षुक समोर आल्यावर कोणाला काही विचारायचं सुचतही नसे.

अकोल्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. आमच्याकडे भिक्षुकाला महाराज म्हणतात. आमच्या गल्लीतली लग्नं, मुंजी, सत्यनारायण, सगळं या महाराजांकडे. आमची मागची आंगणं एकाला एक लागून होती आणि मधे पऱ्हाट्यांचं, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचं, कमरेएवढं कूड. त्यामुळे पुढचं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

गल्लीच्या टोकाला रेल्वेचा एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. त्याला शोभेच्या कोंबड्यांचा नाद होता. त्याची बदली झाली तेव्हा तो एका सकाळी टोपली घेऊन महाराजांच्या दारात उभा राहिला. आत कोंबडा आणि दोन कोंबड्या. जिथे जिथे त्या द्यायला गेलो तिथे लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं, असं तो मोडक्या हिंदीत सांगत होता. शेवटी म्हणाला, “आप खायेगा नहीं, इसलिए आपको देता.” महाराज पूजेवरून उठून आले होते. ते काही बोलणार तोच गार्डाचे डोळे भरून आले आणि तो टोपली ठेवून निघून गेला. अशा माणसाला मागून हाक कशी मारायची?

ती पाखरंही नाही म्हणवू नये अशीच होती. ठेंगण्या बँटम जातीची. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, जणू कोणी मोजे विणून घातलेत. कोंबड्याच्या मानेवर सोनेरी झालर आणि शेपटीत हिरवट काळी कमान. चाल मात्र तालुक्याच्या तहसीलदाराची. आरवला की आवाज इतका बारीक की नवख्याला वाटावं कुठेतरी बिजागरी करकरली. महाराज पहिल्या दिवशी लांबून पाहत होते, दुसऱ्या दिवशी ज्वारी टाकत होते, आणि आठवडा सरायच्या आत कोंबडा त्यांच्या हातावर चढला होता.

काकूंनी, म्हणजे महाराजांच्या पत्नीने, एकच नियम केला. मागच्या आंगणातून आलं की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. महाराजांनी तो निमूटपणे पाळला. दिवसातून कितीदा तरी ते विहिरीवर दिसायचे. उन्हाळ्यात त्यांना हे बरंच पडलं असावं. कोंबड्यांच्या खुराड्यावर ओलं पोतं घालायचं, राखेच्या खड्ड्यात त्यांचं लोळणं पाहायचं आणि मग स्वतः दोन बादल्या पाणी अंगावर घ्यायचं.

आता या जातीचा एक गुण तुम्हाला सांगायला हवा. बँटम कोंबडी अंडी घालते आणि लगेच खुडुक होऊन ती उबवायला बसते. अंडी खाणारं घरात कोणी नाही, विकायचा प्रश्न नाही. त्यामुळे जेवढी अंडी तेवढी पिल्लं. वर्षाच्या आत आंगण भरलं. लिंबाएवढी पिल्लं कुडाच्या फटींतून येऊन माझ्या तपासायच्या वह्यांवरून चालत जायची.

मागणारे पुष्कळ यायचे. महाराज त्यांना ओसरीवर बसवून गूळपाणी देत आणि मुलीच्या बापाने स्थळाची करावी तशी चौकशी करत. घरात काय काय चालतं? पाहुणे कुठले असतात? सणाला काय करता? जो खाणारा तो नापास. जो न खाणारा, तो कोंबडीला हात लावत नसे. मीही एकदा एक जोडी मागितली होती. नागपूरला कॉलेजात असताना आमलेट खाल्लं होतं, तेही सांगितलं. महाराज हळहळले. “तुमी मानूस चांगले आहा मास्तर,” म्हणाले, “पन नाई देत.”

मग व्हायचं तेच झालं. कापसाच्या एका जिनवाल्या शेठने नव्या घराची वास्तुशांत दुसऱ्या भिक्षुकाला सांगितली. कोंबड्या पाळणाऱ्याचं सोवळं ते काय, असं उघडच बोलला. त्याचं पाहून आणखी दोन घरं गेली. महाराजांचं सगळं पोट यजमानांवर. त्या दिवसांत ते कोंबड्यांजवळ बसत, पण नेहमीसारखं त्यांच्याशी बोलत नसत. एका संध्याकाळी गल्लीतली वडीलधारी मंडळी त्यांच्या ओसरीवर जमली. मलाही बोलावलं. पुढाकार कोर्टातून पेन्शनीत निघालेल्या नाझरांचा. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे, पण कोंबड्या आणि यजमानकी यातलं एक निवडा.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली होती.

“सोडतो,” ते म्हणाले. “पन देऊ कोनाले ते तुमीच सांगा. न खानारा मानूस पाहा, त्याले उद्या सकाळीच देतो.”

मंडळी विचारात पडली. एकेक नाव निघायचं आणि गळायचं. फिरून फिरून न खाणारी माणसं म्हणजे त्या ओसरीवर बसलेलीच होती, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि जो तो दुसऱ्याकडे पाहायचं टाळू लागला. शेवटी नाझर म्हणाले, धारणीकडे जाणाऱ्या एखाद्या मोटारवाल्याजवळ द्या, मेळघाटात सोडून देईल. जंगलच आहे, जगतील.

तेव्हा दारातून काकूंचा आवाज आला. चार पुरुषांत त्या बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

“रानमांजर एक तरी ठेवील का त्यायले?” त्या म्हणाल्या. “अन् विटाळ कोनाचा कोनाले, तेही सांगा. आमी त्यायचं काई खात नाई. तेच आमच्या हातचं खातात. बाटले असतील तर ते बाटले.”

मग नाझरांनाच हसू आलं. ते दाबायला ते खोकले, पण तोवर सगळे हसत होते. महाराज मात्र हसले नाहीत. ते दाराकडे पाहत होते, आणि आपल्याच बायकोला नव्याने पाहावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

कोंबड्या सोडायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. गेलेली घरं मात्र परत आली नाहीत. शेठ तर नाहीच. पण ही गोष्ट बाजारात पोचली आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी मुहूर्त विचारायला येऊ लागले. बाजाराच्या दिवशी बायकापोरांना घेऊन यायचे, मुहूर्त काढून व्हायचा, आणि मग सगळं बिऱ्हाड कोंबडे पाहायला मागे जायचं. दक्षिणेत कोणी धान्य आणायचं, कोणी पायलीभर तूर. महाराजांची हौस उलट वाढली. काकूंनी आंघोळीचा नियम मोडला नाही, पण दुपारी त्या मागच्या उंबऱ्यात निवडायला बसू लागल्या, आणि निवडलेल्यातले खडे कमी, दाणे जास्त आंगणात पडायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझी अमरावतीला बदली झाली, तरी सुटीत मी एखादी चक्कर टाकत असे. एका हिवाळ्यात महाराज गेले. आजारपण फार नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी उन्हात खाट टाकून घेतली होती आणि कोंबड्या खाटेखाली बसल्या होत्या, असं काकूंनी सांगितलं. ते सांगताना त्या रडत नव्हत्या. तो दिवस चांगला गेला, एवढंच म्हणाल्या.

पुढे कळप ओसरत गेला. काकूंनी अंडी बसवणं बंद केलं होतं. आपल्या मागे त्यांचं कोण करील, हा त्यांचा हिशेब. शेवटी एक म्हातारी कोंबडी तेवढी उरली. तेव्हा काकूंचे भाऊ त्यांना मूर्तिजापूरला न्यायला आले. योगायोगाने मी अकोल्यात होतो, म्हणून स्टेशनवर पोचवायला गेलो.

सामान थोडंच होतं. एक ट्रंक, देवांचं गाठोडं आणि एक झाकलेली टोपली. भावाने टोपली बाकाखाली सरकवायला घेतली, ती काकूंनी काढून मांडीवर घेतली. सोवळं कडक पाळणारी ती बाई खिडकीशी बसली. मी निरोपाचं काहीतरी बोललो, पत्र पाठवा वगैरे. त्यांनी मान हलवली.

गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. टोपलीवरचं फडकं बोटाने जरासं उचलून, आत वाकून, हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या.