पोपटाच्या चोचीएवढं लेकरू

मला आत्यानं सांभाळून घेतलं, हे आधी लिहिते. बाकीचं मागून. मदत करणाऱ्याचं नाव लोक शेवटी घेतात, आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो. ती माझी आत्या नव्हे. एका सात वर्षांच्या पोराची आत्या. त्यानं तिला हाक मारली तेव्हा मला तिचं तेवढंच नाव कळलं, आणि पुढे खरं कळलं तरी माझ्या तोंडात तेच राहिलं. तीही ओ देते.

मी वाशीमकडची. आठवी अर्धी झाली होती तेव्हा माय गेली, घरात भाकरी थापायला कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. मग वहिनी आली आणि भाकरी थापायचं कामही गेलं. दूरची एक मावसबहीण भिलाईला होती, तिनं काम बघून ठेवलं. भावानं अकोल्याला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून म्हणाला, "तिकडंच राहाजो आता. इकडे तुह्या वाट्याची भाकर नाही." रागानं नाही म्हणाला. गाडी किती नंबरवर लागते ते सांगावं, तसं म्हणाला. म्हणून ते मला खरं वाटलं.

काम होतं भिलाईच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका पार्कात. टाउनशिपची, स्मृति नगरची, सुपेल्याची माणसं रविवारी लेकरं घेऊन यायची. मागच्या बाजूला टिनाची खोली होती, आम्ही पोरी तिथं राहायचो. लहान मुलांसाठी म्हणून घोडे होते, बदकं होती आणि ड्रॅगन होता. घोडे नुसते गोल फिरायचे. बदकं फिरता फिरता थोडी वर जायची. ड्रॅगन चढ चढून एकदम खाली यायचा आणि वळणावर अंग बाहेर फेकायचा. तो लहान मुलांचा का, तर त्याचं तोंड हसरं रंगवलं होतं म्हणून.

मी ड्रॅगनच्या दारात उभी राहायची. तिथं एक फळी, फळीवर पोपट. लेकराचं डोकं पोपटाच्या चोचीला लागलं की आत सोडायचं, नाही लागलं तर घोड्याकडे पाठवायचं. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "चोंच तक आया तो बिठाना है. सोचने का पगार तेरे को नहीं देते." माझ्याआधी त्या दारात जी पोरगी होती, तिनं चोचीला लागलेलं एक लेकरू परत पाठवलं होतं. त्याचा बाप ओरडला, आणि संध्याकाळी तिची पिशवी गेटबाहेर. घाईत सगळे कपडे भरले नाहीत कोणी. दोरीवर राहिलेली तिची ओढणी आम्ही पुढे कितीतरी दिवस पाय पुसायला वापरली.

मी सोचत नव्हते. पण रोज उभं राहिलं की डोळा आपोआप शिकतो. उंचीचं काही खरं नाही. लेकरू बसलं की त्याची पाठ मागे टेकते का पाहावं. पाठ टेकली आणि पाय लोंबकळले, तर ते उतारावर पुढे घसरणार. वरून येणारा लोखंडी दांडा दोघांना मिळून एकच असतो. मोठं माणूस शेजारी बसलं की दांडा त्याच्या मांडीवर अडतो, आणि लेकराच्या पोटापुढे वीतभर जागा मोकळी राहते. आईबापाला वाटतं, आपण सोबत बसलो म्हणजे झालं. खरं तर लेकराजवळ लेकरूच बरं. रडणारं लेकरूही चालतं, कारण रडणारं दांडा घट्ट धरतं. जे एकदम गप्प होतं आणि ज्याचे हात ढिले पडतात, ते बसवू नये. त्याला घोड्यावर न्यावं. घोडाही नको म्हणालं तर बाकड्यावर बसवून मक्याचं कणीस द्यावं आणि घरी न्यावं.

पण रडणाऱ्यालाही तिथं सुख नव्हतं. ड्रॅगन चालवणारा उस्ताद राजनांदगावकडचा होता. तो म्हणायचा, "रोवत लइका फोकट के भोंपू आय." रडणारं लेकरू म्हणजे फुकटचा भोंगा. एखादं जोरात रडायला लागलं की तो थांबवायच्या ऐवजी एक फेरी वाढवायचा. आवाजानं माणसं जमायची, मोबाइल वर व्हायचे, हसायची. आणि मग हसणारेच आपापल्या लेकराला घेऊन लाइनीत लागायचे.

लाइनीतली तऱ्हा वेगळीच. पार्काच्या मोठ्या गेटवर एक रेघ होती, तिच्या खालचं लेकरू फुकट. म्हणून तिथं सगळी लेकरं लहान. इथं राहणाऱ्या आमच्या नागपूर-वऱ्हाडकडच्या घरांतल्या लेकरांना तर हे गाडीतच शिकवलेलं असतं. टीसी आला की गुडघे वाकवायचे, किती वर्षांचा विचारलं की "पाच" म्हणायचं. तीच लेकरं ड्रॅगनपाशी आली की आया त्यांचे केस वर बांधायच्या, टाचा उचलायला लावायच्या. गेटपासून माझ्या दारापर्यंत येईस्तोवर लेकरू तीन वर्षांनी मोठं व्हायचं.

त्या रविवारी एक घर आलं. नवराबायको, त्यांचा पोरगा आणि नवऱ्याची थोरली बहीण. या बहिणीचं अंग जड, गुडघे दुखरे, काखेत पाण्याचा मोठा थर्मास. माझ्या कानावर मराठी पडलं आणि मला बरं वाटलं. दिवसभर हिंदी ऐकून आपल्या बोलीचा एक शब्द आला की आपली माणसं आली असं वाटतं. तीच चूक झाली. हिंदी बोलणाऱ्याला मी काही म्हणायला धजले नसते.

बापानं पोराला फळीला लावलं. पोरानं पाठ टेकवली, मान खाली घातली आणि गुडघे वाकवले. अगदी सफाईनं. चोच त्याच्या डोक्याच्या वरच राहिली.

"अबे, आता नाही!" बाप म्हणाला. "गेटवर लहान व्हायचं होतं. आता मोठा हो."

लाइन हसली. पोरगा सरळ झाला, डोकं चोचीला लागलं, आणि बापाचा हात खांद्यावरून निघाला तसा तो पुन्हा खाली आला.

"गाडीतबी असाच बसते," त्याची माय मागच्या बाईला कौतुकानं सांगत होती. "सांगावं नाही लागत त्याले."

"राहू दे न रे," बहीण म्हणाली. "घोड्यावर बसव."

"आत्या, मले घोडा," पोरगा हळूच म्हणाला.

"तूच बिघडवलं त्याले," भाऊ बहिणीला म्हणाला. "तुह्या पदराखाली राहून राहून पोरगी झाला तो. आज शेर बनवतो." आणि त्यानं पोराच्या मानेला धरून त्याला फळीला सरळ केलं, लाकडाला खिळा धरावा तसं.

पोरगा गप्प झाला. हात लोंबले. मी ते हात पाहिले आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, याले नका बसवू. याचे हात पाहा, ढिले पडले."

"तू कोण वं?"

"मी इथंच असते. रोज पाहते."

"कितवी शिकली?"

"आठवी."

"पास?"

मी फळीवरच्या पोपटाकडे पाहिलं.

"आठवी नापास!" तो लाइनीकडे वळून म्हणाला. "अन् आमाले शिकवून राहिली! वाशिमाची हाय का तू? तरीच." आता लाइन जोरात हसली. हिंदीवाल्यांनाही तेवढं मराठी कळलं.

मॅनेजर आला. त्यानं काय झालं ते विचारलंही नाही, नुसता माझ्याकडे पाहून हसला. माझ्या डोळ्यापुढे ती पिशवी आली. "बच्चे को डर लगता है? कोई बात नहीं," तो मोठ्यानं म्हणाला. "हमारी मैडम साथ में बैठेगी. आओ भाई, सब लोग देखो!"

मी कधी ड्रॅगनवर बसले नव्हते. बसायचा जीवच झाला नव्हता. मी "नको साहेब" म्हणाले, तर तो तसाच हसत, हळू आवाजात म्हणाला, "बैठ, नहीं तो सामान बाँध."

बसले. दांडा खाली आला, माझ्या मांडीवर अडला, आणि पोराच्या पोटापुढे वीतभर जागा राहिली. मला माहीत होतं ती राहणार. पहिल्या उतारावर तो पुढे सरकला. दुसऱ्यावर दांड्याखालून त्याची कंबर निसटायला लागली. मी एका हातानं त्याच्या पँटचा पट्टा धरला आणि पाय आडवा टाकून समोरच्या पत्र्याला टेकवला. नडगी पत्र्याला घासत होती. मी किंचाळत होते, तो गप्प होता. खाली माणसं जमली होती. उस्तादानं फेरी वाढवली. माझा भोंगा चांगला वाजत असावा. त्या फेरीत मांडीवर काहीतरी गरम आलं, आणि मला कळलं की पोरगा मुतला.

खाली उतरलो. "आमचा शेर!" म्हणत बाप पुढे आला, त्याला पँट दिसली, आणि त्यानं सगळ्यांसमोर पोराच्या थोबाडीत मारली. बोटं उठली. दुसरी मारायला हात वर गेला तेव्हा पोरगा दुपारभरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"मी नाही केलं! ताईनं केलं!"

माझी सलवारही ओली होतीच. बापाचा हात वरच थांबला, आणि मग तो हसायला लागला. "आठवी नापासनं मुतलं रे!" माय तोंडाला पदर लावून हसली. मोबाइल पोराकडून माझ्याकडे वळले. कोणी तरी म्हणालं, "आगे से लो, आगे से." मॅनेजर हसत नव्हता. तो माझ्या सलवारीकडे पाहत होता आणि मी ओळखलं, संध्याकाळी पिशवी बाहेर.

मी खरं सांगणार होते. पोराच्या गालावर बोटं उमटलेली दिसत होती, तरी सांगणार होते. मला दुसरं घर नव्हतं. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात आत्या मध्ये घुसली. थर्मासाचं झाकण काढलेलं होतं. तिनं तो उचलला आणि आधी भावाच्या छातीवर, मग पोराच्या अंगावर, मग माझ्यावर, सगळं पाणी ओतलं. बर्फाचं पाणी. भाऊ उडालाच.

"बाप्पा!" आत्या म्हणाली. "झाकणच ढिलं होतं वाटते."

सगळ्यांनी पाहिलं होतं की झाकण तिच्या हातात आहे. ती मोबाइलवाल्याकडे वळली. "हां, आता काढ फोटो. माझ्या भावाचाबी काढ. तोबी ओला हाय, पाह्य."

मोबाइल खाली झाले. मॅनेजर मात्र मला म्हणाला, "कल से मत आना."

"कावून?" आत्यानं विचारलं.

"अम्मा, ये हमारा मामला है."

"तुमचा कसा? लेकरू आमचं हाय. मी रिटायर बाई, घरी मले काम नाही. रोज येऊन तुमच्या गेटसमोर बसीन अन् एकेका मायले सांगीन, का या दांड्याखालून लेकरू निसटते. या पोरीनं टांग आडवी घातली म्हणून आमचं वरच राहिलं. दाखव वं टांग."

मी सलवार वर केली. नडगीची साल निघाली होती. लाइनीतल्या दोन आया आपापली लेकरं घेऊन बाजूला झाल्या. मॅनेजरनं ते पाहिलं. "अरे अम्मा, गुस्सा क्यों होती हो. काम पर है, काम पर ही रहेगी."

असं माझं काम राहिलं. बाप बहिणीला म्हणाला, "घरी चल, मग पाहतो तुह्याकडे." पोराचं बखोट धरून चालू लागला. जाताना पोरानं मागे वळून मला जीभ काढून दाखवली.

सगळं गोड झालं असं नाही. माझी किंचाळी लोकांना आवडली होती. पुढच्या रविवारपासून एखादं लेकरू भ्यालं की मॅनेजर ओरडायचा, "मैडम साथ में बैठेगी!" मी बसायचे. उस्ताद फेरी वाढवायचा. उतरून मी बदकांच्या मागे जाऊन ओकायचे. रविवारी काही खायचं नाही एवढं मी शिकले. पण गप्प झालेल्या लेकराचा पट्टा पहिल्यापासून धरायचा, हेही शिकले, आणि माझ्या शेजारचं कोणी निसटलं नाही. आता मॅनेजर दुसरा आहे, दांडा बदललाय, पोपट तोच आहे. नवीन पोरींना मी दारात उभं करते. त्यांना सांगते, हात बघा. मग सांगते, बघितलं तरी साहेबासमोर बोलू नका. अजूनही मला पिशवीची स्वप्नं पडतात.

आत्या त्याच महिन्यात एकटी आली होती, ऑटोनं. माझ्यासाठी एक सलवार-कुर्ता आणि आवळासुपारीची डबी घेऊन. "हे चघळत जाय, ओकारी येत नाही," म्हणाली. आधी ती एका दवाखान्यात आया होती, लग्न केलं नाही, आता स्मृति नगरला भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. त्या दिवसापासून भावजय तिच्याशी बोलत नाही. भाऊ म्हणतो, आमचं खाते अन् बाहेरच्याची बाजू घेते. पोराला तिच्या खोलीत जायला बंदी आहे. एक दिवस तो दाराशी आला, तिनं हात पुढे केला, तर म्हणाला, "तुह्यामुळे मले मार बसला," आणि पळून गेला. आत्यानं हे हसत सांगितलं. मला वाटलं ती रडेल, पण ती मला म्हणाली, "तू कावून रडून राहिली वं? तुले का झालं?"

मी अधूनमधून जाते तिच्याकडे. पुढच्या दारानं नाही, मागच्या गल्लीनं. तिचे गुडघे आता उठू देत नाहीत. संडासापर्यंत ती भिंत धरून जाते, आणि मध्ये स्वयंपाकघर लागतं, तिथं भावजय असते. एकदा पोचायला उशीर झाला तेव्हा ते घर किती हसलं, हे तिनं सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं.

म्हणून इथं लिहून ठेवते. सुपेल्याला मी एक खोली घेईन, दोघींपुरती, संडास आतच असलेली. तिला तिथं आणीन. तिचं अंथरूण ओलं झालं तर मी बदलीन, दिवसातून कितीदाही, आणि त्या खोलीत कोणी हसणार नाही. तिला हे अजून सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, "तुले कोणं बोलावलं?" कोणी बोलावलं नाही, आत्या. तरी मी न्यायला येईन, आणि तुमचं देणं फेडीन.