दारावरची खडूची खूण

कामठ्याकडच्या एका गावात दुर्गेश्वरी नावाची आशाताई होती, घरोघर दवागोळ्या पोचवणारी. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली तवापासून बाई खोटं बोलली नाही, लेकराले उगी करायले बी नाही.

पण ध्यान कच्चं. गावात सव्वाशे घरं, कोणाची तपासणी कवा, याद कसं राहीन? म्हणून पोलिओवाल्यायसारखी ते बी दारावर खडूनं खूण करे. पोटुशी बाई असली त गोल. रक्ताच्या गोळ्या असल्या त आडवी रेघ. कॉपर-टी बसवली त दोन टिंब. कोणाले काय समजते, असं तिले वाटे.

अनुसयाबाईले समजलं ना!

अनुसयाबाईची सून रिंकू. दुसऱ्या पोरीच्या वक्ती मरता मरता वाचली. डॉक्टरीण बोलली, तीन वर्सांच्या आत पोट राह्यलं त जीवावर येईन. सासूले त नातू पाहिजे, अन् नवरा टिकेश आईपुढं तोंड उघडे ना. रिंकू रडत आली, तवा दुर्गेश्वरीच तिले दवाखान्यात नेऊन कॉपर-टी बसवून आली.

"ताई, घरी समजलं त दुसऱ्याच दिवशी काढायले नेतीन."

"माह्या तोंडून नाही समजणार," दुर्गेश्वरी बोलली होती.

अन् मंग आपल्याच हातानं दारावर दोन टिंब काढून आली.

धानाच्या रोवण्याच्या दिवसात ते गोळ्या घेऊन गेली, त अनुसयाबाई दारातच उभी. मांगं टिकेश.

"ये वो आशाताई. माह्या दारावर रांगोळी काढून राहिली का तू?"

"याद राहावं म्हणून काढतो, काकू."

"बाजूच्या रविताच्या दारावर बी दोन टिंब हायेत. तिनं कॉपर-टी बसवली, साऱ्या गावाले मालूम हाय. मंग माह्या दारावर काऊन?"

आतमधी रिंकू तांदूळ पाखडून राहिली होती. सुपाचा आवाज बंद झाला.

"माळेवर हात ठेव अन् सांग. बसवली का नाही?"

नाही म्हणावं त माळ जाते. हो म्हणावं त पोरगी जाते. चूप राहावं, त चूप राहणं बी 'हो'च झालं. टिकेश टक लावून पाहून राहिला होता.

तिनं माळ मुठीत धरली. "माळेवर सांगतो, काकू. बसवली असती तरी नाही सांगितलं असतं, नसती बसवली तरी नाही सांगितलं असतं. बाई मले जे सांगते, थे माह्या पोटात राहते. सुनेचं असो का सासूचं."

अनुसयाबाईचं तोंड उतरलं. दोन सालांआधी तिचं अंग, गर्भाची पिशवी, बाहेर येत होतं. लाजेनं कोणाले बोलली नाही, दुर्गेश्वरीसंगच गोंदियाले गेली होती.

"सासूचं काय वो, आई?" टिकेशनं इचारलं.

"काही नाही! तू जाय बांधीत, रोवणारनी वाट पाहून राहिल्या."

थो गेला. दुर्गेश्वरीले आपलीच लाज वाटली. उघडं नाही केलं, पण सासूचं झाकण थोडं हाललंच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओला फडका घेऊन ते घरोघर फिरली. गोल, रेघ, टिंब, सारं पुसलं. अनुसयाबाईच्या दारावर हात चालवून राहिली, त आतून तिचा आवाज आला.

"आशाताई, काल गोळ्या तशाच घेऊन गेली तू. रिंकू पोरीचं आंग पिवळं पडलं, देऊन जाय."

अन् मंग हळूच, "माह्या बी तपासणीले कवा जाचं हाय, सांगजो. दारावर नको लिहू, बाप्पा."