डबा बंद झाल्यावर

परळच्या हॉस्पिटलांजवळ मी पेशंटचे डबे करते. पेज, मऊ भात, बिनतिखटाची आमटी, आणि मीठ सगळ्यांनाच कमी. या धंद्यातला एक नियम मला कोणी शिकवला नाही, तो अंगवळणी पडला. डबा बंद झाला की का म्हणून विचारायचं नाही. पेशंट बरा होऊन गावी गेला असेल तर देवाची कृपा. नसेल, तर घरच्यांना ते तोंडाने सांगायला लावायचं पाप कशाला? डबा न्यायला येणाऱ्याला 'पुन्हा या' असंही मी कधी म्हणत नाही.

माझी लेक कंपन्यांच्या वेबसाइट बनवते. यंदा तिने माझी बनवायला घेतली. खोटं कशाला बोलू, पोरीने डोकं लावलं होतं. सध्या हलत्या चित्रांची, व्हिडिओंची, काळ्या पानांची चलती आहे म्हणे. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

"आई, वॉर्डात रेंज नसते. लोकांचे फोन साधे. पान झटकन उघडलं पाहिजे."

मोठी अक्षरं, आजचे पदार्थ आणि फोन लावायचं एकच बटण. डबे वाढले. मी शेजारणीला तेच तेच कौतुक ऐकवून तिचे कान किटवले.

वाजलं ते एकाच गोष्टीवरून. आठवडाभर ऑर्डर आली नाही की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जाणार, माझ्या फोटोसकट: 'तुमची आठवण येते. डबा पाठवू का?'

"हे नको गं," मी म्हटलं.

"अगं, आता सगळेच करतात. जुनं गिऱ्हाईक टिकतं त्याने."

"माझं गिऱ्हाईक टिकवून काय करू? ते इथून सुटावं म्हणून तर पेज शिजवते मी."

ती हसली, मी चिडले. पण तिचं आधीचं सगळं बरोबर ठरलं होतं. माझ्यापाशी नाही म्हणायला नुसता नियम होता, आणि नियमाचं कारण मला नीट सांगता येईना. मेसेज सुरू झाले.

एका दुपारी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "बघ, रिप्लाय आलाय." आणि मोठ्याने वाचता वाचता तिचा आवाज खाली आला. बायकोसाठी पेज नेणाऱ्या एका माणसाने लिहिलं होतं: 'ताई, ही गेली. इथं आम्हाला ओळखणारं कोणी नाही. तुम्ही आठवण काढलीत, बरं वाटलं.' खाली लगेच आमचं उत्तर आपोआप गेलेलं होतं: 'धन्यवाद! ऑर्डरसाठी इथे दाबा.'

लेकीने तिथेच उभ्या उभ्या ते सगळं बंद केलं. तिला बोलून काय उपयोग होता? ती रडकुंडीलाच आली होती.

दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः दारात आला. गावी निघाला होता. डबा घासून लख्ख केलेला, आत मूठभर तांदूळ. रिकामा कसा द्यायचा म्हणून. मेसेज मी पाठवला नव्हता, हे सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून ते सांगितलंच नाही.

"एवढ्या पेशंटांत हिची कशी आठवण राहिली तुम्हाला?" त्याने विचारलं.

मी त्या बाईला कधी पाहिलंही नव्हतं.

"त्यांना पेजेत मीठ कमी लागायचं," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले. "हो," तो म्हणाला, "कमीच लागायचं तिला."